पुसलेली रेघ

पाटी-पेन्सिलीचे दिवस ज्यांच्या स्मरणांत आहेत, त्या आमच्या वाचकांस एक गोष्ट सहज आठवेल. गणित चुकलें कीं आपण तें ओल्या फडक्यानें, आणि फडकें नसलें तर गुरुजींची नजर चुकवून बोटाला थुंकी लावून, पुसून टाकीत असूं. पाटी वाळली कीं त्या जागीं एक पांढुरकी सांवली उमटे. आणि पाटी उजेडांत तिरपी धरली तर मघांचा चुकलेला आंकडा तिच्यांत स्पष्ट वाचतां येई. गुरुजींना तर तो हटकून वाचतां येई! पुसणें म्हणजे नाहींसें करणें नव्हे, हा धडा त्या पाटीनें आपणांस बालपणींच दिला होता. पुढें आपण तो विसरलों, इतकेंच.

या एवढ्याशा गोष्टीवर ज्यानें आपली सारी कला उभी केली, अशा एका चित्रकाराची आणि त्याच्या प्रदर्शनांची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा आजचा हेतु आहे. त्याचें नांव विल्यम केन्ट्रिज. तो दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्ग शहराचा राहणारा. त्याचीं प्रदर्शनें मुंबईंत २०१३ सालीं एका कलादालनांत, आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीमध्यें २०२२ सालीं भरलीं. कोचीच्या २०१८ सालच्या कला-महोत्सवांतहि त्याची कृति होती. त्याच्या प्रदर्शनांची नेहमींची तऱ्हा अशी कीं, भिंतीवर कोळशानें काढलेलीं मोठमोठीं चित्रें टांगलेलीं असतात आणि शेजारच्या अंधाऱ्या दालनांत त्याच चित्रांपासून तयार झालेला चित्रपट चालूं असतो. चित्रकारानें आपलीं चित्रें मांडावीं आणि जोडीला एखादा चित्रपट दाखवावा, एवढ्यापुरतें यांत नवल नाहीं. नवल आहे तें हें कीं, येथें चित्र पाहिल्यावांचून चित्रपट पुरता कळत नाहीं, आणि चित्रपट पाहिल्यावांचून चित्र कळत नाहीं. असें कां व्हावें, तें समजण्यासाठीं प्रथम त्याची काम करण्याची रीत पाहिली पाहिजे.

एक कागद, एक कोळसा

चित्रांना हालावयास लावण्याची विद्या आपल्याकडे परकी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं, म्हणजे 'राजा हरिश्चंद्रा'च्याहि आधीं, कुंडींत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाचीं क्रमाक्रमानें छायाचित्रें घेऊन 'अंकुराची वाढ' नांवाचा एक चिमुकला चित्रपट केला होता. कित्येक दिवसांची वाढ त्यांत पाहतां पाहतां होऊन जाई. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं आगपेटींतील काड्यांना नाचवून 'आगकाड्यांची मौज' काढली. तत्त्व दोन्हीकडे एकच. वस्तु किंचित् हालूं द्यावयाची आणि एक छायाचित्र घ्यावयाचें. पुन्हां किंचित् हालूं द्यावयाची आणि पुन्हां एक घ्यावयाचें. अशीं छायाचित्रें सेकंदाला चोवीस या वेगानें डोळ्यांपुढून गेलीं म्हणजे निर्जीवाला जीव आल्याचा भास होतो. यालाच हल्लीं सर्वत्र ॲनिमेशन म्हणतात.

मोठमोठ्या चित्रसंस्थांच्या जुन्या कार्टूनपटांत प्रत्येक हालचालीसाठीं निराळें चित्र काढीत, आणि दहा मिनिटांच्या खेळास हजारों चित्रें लागत. केन्ट्रिजची रीत याच्या अगदीं उलट आहे. तो भिंतीला एक मोठा कागद लावितो, त्यावर कोळशाच्या कांडीनें चित्र काढितो, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे चालत जाऊन एक-दोन चौकटींपुरतें त्याचें छायाचित्र घेतो. मग पुन्हां कागदाकडे येतो, चित्रांतील माणसाचा हात पुसतो, तोच थोडा पुढें सरकवून पुन्हां काढितो, आणि पुन्हां कॅमेऱ्याकडे जातो. ही येरझार दिवसचे दिवस चालते. अशा रीतीनें सात-आठ मिनिटांचा चित्रपट अवघ्या वीस-चाळीस कागदांवर उभा राहतो. आधीं लिहून ठेवलेली कथा नसते, ठरवून टाकलेला शेवट नसतो. पुढें काय व्हावयाचें तें या येण्या-जाण्यांत सुचत जातें.

आतां कोळशाचा स्वभाव ज्यांनीं चुलीमागची भिंत घासली आहे त्यांस सांगावयास नको. तो कितीहि पुसला तरी करडा डाग मागें ठेवतोच. त्यामुळें या चित्रपटांत माणूस चालूं लागला कीं त्याच्यामागें त्याच्याच पूर्वीच्या पावलांची धुरकट रांग राहते; पक्षी उडून गेला तरी त्याच्या वाटेची रेघ आकाशांत उरते. दुसऱ्या एखाद्या चित्रकारानें हा दोष मानला असता. केन्ट्रिजनें त्यालाच आपल्या कलेचा गाभा केलें आहे.

चित्रपट पुरा झाला म्हणजे प्रत्येक कागदावर उरतें तें शेवटचें चित्र, आणि तेंच भिंतीवर लागतें. म्हणजे भिंतीवर आपण पाहतों तो एका दीर्घ घटनेचा अखेरचा क्षण. त्या क्षणाखालीं आधींच्या शेंकडों क्षणांची राख पसरलेली. जवळ जाऊन पाहिलें तर मेजाशीं बसलेल्या माणसाच्या खांद्यापाशीं अंधुकसें कांहीं तरी दिसतें. तें काय होतें? चित्र सांगत नाहीं. तें शेजारच्या अंधाऱ्या दालनांतच कळावयाचें.

डोंगर पुसणारें शहर

ही रीत दुसऱ्या एखाद्या गांवीं निघाली असती तर कदाचित् नुसती कारागिरीची गंमत ठरली असती. जोहान्सबर्गमध्यें ती गंमत राहिली नाहीं. हें शहर वसलें तें सोन्यासाठीं. १८८६ सालीं तेथें सोनें सांपडलें आणि उघड्या माळरानावर शहर उठलें. मोठी नदी नाहीं, बंदर नाहीं. भूगर्भांतील सोन्याखेरीज तेथें वस्ती करण्याचें कारणच नव्हतें. खोल खाणींतून उपसलेल्या मातीचे पिवळट ढीग शहराभोंवतीं टेकड्यांसारखे उभे राहिले. पुढें त्या जुन्या मातींतून उरलेंसुरलें सोनें काढून घेणें परवडूं लागलें, तेव्हां त्या टेकड्याहि एकामागून एक उपसल्या जाऊं लागल्या. लहानपणीं पाहिलेली टेकडी मोठेपणीं जागेवर नसावी, असा हा मुलूख आहे.

याच शहरांत १६ ऑगस्ट १९०८ रोजीं हमीदिया मशिदीच्या पटांगणांत, गांधीजींच्या नेतृत्वाखालीं, हिंदी लोकांनीं आपले दोन हजारांवर परवाने कढईंत टाकून जाळले होते, हें कित्येक वाचकांस ठाऊक असेल. माणसाच्या येण्या-जाण्यावर परवान्याचें जोखड ठेवणारी ती पद्धति पुढें कृष्णवर्णीयांच्या बाबतींत अधिकाधिक कडक होत गेली. २१ मार्च १९६० रोजीं जोहान्सबर्गच्या दक्षिणेस शार्पव्हिल येथें, अशाच परवान्यांच्या निषेधार्थ जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. सरकारी नोंदीप्रमाणें ६९ माणसें मेलीं, आणि त्यांतील पुष्कळांस गोळ्या पाठींत लागल्या होत्या.

केन्ट्रिजचा जन्म १९५५ सालचा. घराणें ज्यू, सुशिक्षित, वकिलीच्या पेशाचें. आई फेलिशिया आणि वडील सिडनी दोघेंहि नामांकित कायदेपंडित. वडिलांनीं नेल्सन मंडेला प्रभृतींवरील राजद्रोहाच्या खटल्यांत बचावाचें काम केलें, आणि १९७७ सालीं पोलिसांच्या अटकेंत असतां मरण पावलेल्या स्टीव्ह बिको याच्या मृत्यूच्या चौकशींत त्याच्या कुटुंबाची बाजू मांडली. विल्यम सहा वर्षांचा असतांना एकदां वडिलांच्या अभ्यासिकेंत गेला. तेथें एक पिवळी पेटी होती. चॉकलेटची पेटी असेल असें समजून त्यानें ती उघडली. आंत शार्पव्हिल येथें मारल्या गेलेल्या माणसांचीं छायाचित्रें होतीं. ही आठवण त्यानें स्वतःच सांगितली आहे. त्याच्या चित्रपटांचें मूळ शोधूं जातां आम्हांस वारंवार ती पेटी आठवते. सुखवस्तु घरांतील एका मुलानें गोड खाऊच्या आशेनें झांकण उचलावें आणि आपल्या घराच्या चार भिंतींपलीकडे काय चाललें आहे तें त्याला एका क्षणांत दिसावें, हें त्याच्या पुढील सर्व कामाचें बीज आहे असें आम्हांस वाटतें.

दट्ट्या खालीं जातो

१९८९ ते २०२० या काळांत त्यानें वर सांगितलेल्या रीतीनें एका मालेंतील अकरा लघुपट केले. त्यांतील मुख्य पात्रें दोन. सोहो एक्स्टाइन हा रेघांचा सूट घालणारा धनाढ्य खाणमालक. आणि फेलिक्स टायटल्बाम हा बहुधा उघड्या अंगानें वावरणारा, हळवा, विचारांत गढलेला माणूस. फेलिक्सचा चेहरा चित्रकाराच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून घेतलेला आहे. पण लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, माला जसजशी पुढें जाते तसतसा सोहोहि चित्रकारासारखाच दिसूं लागतो.

'माइन' हा लघुपट १९९१ सालचा, सुमारें सहा मिनिटांचा. इंग्रजींत या शब्दाचे अर्थ दोन, 'खाण' आणि 'माझें'. दोन्ही येथें लागू पडतात. सोहो अंगांत सूट घालून अंथरुणांतच न्याहारीला बसला आहे. तबकांत कॉफीचें कांचेचें भांडें आहे. दट्ट्या दाबला कीं जाळी खालीं जाऊन कॉफी गाळली जाते, अशा तऱ्हेचें तें आहे. सोहो दट्ट्या दाबतो, पण दट्ट्या भांड्याच्या तळाशीं थांबत नाहीं. तो तबकांतून खालीं जातो, गादींतून खालीं जातो, जमिनींत शिरतो आणि खडक भेदीत थेट खाणींत उतरतो. त्याच्या वाटेवर खाणींतले मजूर दिसूं लागतात: फळ्यांवर एकाशेजारीं एक कोंबून निजलेले, पाण्याच्या फवाऱ्याखालीं दाटीनें उभे असलेले, अंधारांत खडक फोडणारे. निजलेल्या माणसांच्या त्या रांगा पाहतां पाहतां गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाची आकृति होऊन जातात. शेवटीं खाणींतून वर येतो तो एक चिमुकला गेंडा, आणि सोहो पुढचा सारा पसारा दूर लोटून त्याच्याशीं खेळूं लागतो. चित्रपटांत संवाद एकहि नाहीं. चेलो या वाद्यावरील ड्वोर्झाकचें संगीत तेवढें मागें चालूं असतें.

यांत कोणास शिव्या दिलेल्या नाहींत, कीं सोहोला राक्षस म्हणून रंगविलेलें नाहीं. दाखविली आहे ती एक रोजची सवय. आपण सकाळीं चहाचा पेला तोंडाला लावितों तेव्हां तो पेला कोठवर खोल गेला आहे, हा विचार आपल्याहि मनाला शिवत नाहीं. सोहोच्या मनाला तो शिवत नाहीं, एवढाच त्याचा अपराध. आणि तो किती मोठा आहे हें दट्ट्या मोजून दाखवितो.

'फेलिक्स इन एक्झाइल' हा लघुपट १९९४ सालचा. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंत सर्व वर्णांच्या लोकांनीं प्रथमच एकत्र मतदान केलें. त्याच्या आधींच्या कांहीं महिन्यांत हें काम झालें. राष्ट्र नव्या युगाच्या स्वागतास उभें होतें, आणि चित्रकाराला काळजी पडली होती ती जुन्या युगांत मेलेल्यांची. एका लहानशा खोलींत फेलिक्स एकटाच बसला आहे. त्याच्या पेटींत नंदी नांवाच्या कृष्णवर्णीय स्त्रीनें काढलेलीं चित्रें आहेत. नंदी जमिनीची मोजणी करिते, आणि मोजतां मोजतां त्या जमिनीवर पडलेल्या प्रेतांचीं चित्रें काढिते. प्रेतांवर उडत आलेले वर्तमानपत्रांचे कागद बसतात; हळूहळू प्रेत मातींत विरतें, आणि त्या जागीं पुन्हां माळ दिसूं लागतो. पुढें नंदीलाहि गोळी लागते आणि तीहि त्याच मातींत मिसळून जाते. फेलिक्सच्या खोलींत पाणी भरत जातें. काळ्या-करड्या चित्रांतली ती निळाई फार वेळ डोळ्यांपुढून हालत नाहीं. शेवटीं फेलिक्स त्या ओसाड माळावर पाण्याच्या डबक्यांत उभा दिसतो.

हें पाहून दालनाबाहेर यावें आणि भिंतीवरचें माळाचें चित्र पाहावें. आंत जाण्यापूर्वीं तें एक साधें निसर्गचित्र वाटलें होतें. गवत, दोन-चार खांब, थोडे डाग. आतां त्या डागांखालीं कोण आहे तें आपणांस ठाऊक झालेलें असतें. प्रदर्शन आणि चित्रपट यांची जोडी कां हवी, याचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. नुसता चित्रपट पाहिला असता तर एक करुण कथा पाहिली असें वाटून आपण घरीं गेलों असतों. नुसतें चित्र पाहिलें असतें तर सुंदर माळ पाहिला असें म्हटलें असतें. दोन्ही पाहिल्यावर मात्र माळाकडे पूर्वीच्या नजरेनें पाहणें शक्य राहत नाहीं.

१९९६ सालीं आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालीं सत्य आणि सलोखा आयोगापुढें साक्षी सुरू झाल्या. अत्याचार करणारानें सर्व हकीकत खरी सांगितली तर त्याला माफी मिळण्याची सोय त्यांत होती. त्याच वर्षीं केन्ट्रिजनें 'हिस्टरी ऑफ द मेन कम्प्लेंट' हा लघुपट केला. डॉक्टर रोग्याला प्रथम विचारतो कीं मुख्य तक्रार काय. तीच ही तक्रार. सोहो रुग्णालयांत बेशुद्ध पडला आहे. डॉक्टरांचा घोळका त्याला तपाशीत आहे. क्ष-किरणांनीं त्याच्या शरीरांत पाहूं जावें तों आंत टेलिफोन, टंकलेखनयंत्र अशीं कचेरींतलीं यंत्रेंच सांपडतात. मग दिसतो एक रस्ता. सोहो मोटार हांकतो आहे. पुढच्या लहान आरशांत त्याचे डोळे दिसतात. रस्त्याच्या कडेला कोणाला तरी मारहाण चालली आहे. तो पाहतो आणि पुढें जातो. अकस्मात् एक माणूस मोटारीपुढें येतो आणि कांचेवर आदळतो. त्या धक्क्यानें सोहो शुद्धीवर येतो. पण पुढें काय? रुग्णालयाचा पडदा सरतो तों सोहो आपल्या मेजाशीं, सारें सामान जागच्या जागीं. तो बरा झाला म्हणावें, कीं विसरला म्हणावें? चित्रकार निकाल देत नाहीं.

आपली पाटी

कोणी म्हणेल, हें सारें दूरदेशींचें; आमच्या सदाशिव पेठेंतल्या किंवा दादरच्या घराशीं याचा संबंध काय? आमच्या मतें तो फार जवळचा आहे. केन्ट्रिज हा गोरा आणि शिकल्यासवरल्या घरांतला. ज्या अन्यायाविरुद्ध त्याचे आईबाप झगडले, त्याच अन्यायाच्या व्यवस्थेंत त्यांच्या घराला सुखहि लाभलें होतें. हें तो झांकीत नाहीं. आरोपीच्या पिंजऱ्यांत दुसऱ्याला उभें करणें सोपें असतें. यानें खाणमालकाला हळूहळू स्वतःचाच चेहरा दिला.

आमच्यांतील कित्येक घराण्यांनीं मोठ्या हौसेनें व कष्टानें आपापले कुलवृत्तान्त छापले आहेत, आणि तें काम मोलाचें आहे. पण पाटी तिरपी धरावी तसे ते ग्रंथ एकदां वाचून पाहावे. जुन्या वंशावळींतून पुरुषामागून पुरुष येतात. लेकीसुनांच्या जागा कित्येक ठिकाणीं मोकळ्याच. लहानपणीं विधवा होऊन, केशवपन करून, उभा जन्म माजघराच्या कोपऱ्यांत आणि सोवळ्याच्या स्वयंपाकांत काढलेली आत्या कोणत्या पानावर आहे? परसदाराशीं येऊन, ओंजळ धरून उभा राहणाऱ्या ज्या माणसाला वरून पाणी ओतलें जाई, त्याचें नांव कोणाच्या टिपणांत आहे? ज्या कुळांच्या श्रमांवर खोतीचें किंवा इनामाचें घर चाललें, त्यांचीं नांवें खातेवहींत बाकीच्या रकमेपुढें सांपडतात. घराच्या आठवणींत तीं नाहींत. वाडवडिलांस दूषणें देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. त्यांच्या काळाचीं बंधनें त्यांना होतीं. पण पुसणारा हात त्यांचा असला तरी पाटी आतां आपल्या हातीं आली आहे.

विस्मरण ही देवाची देणगी आहे असें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. पुत्रशोक झालेल्या आईनें जन्मभर रडत बसावें असें कोण म्हणेल? तथापि ती देणगी दुःख भोगणाराची आहे. ज्याच्या सुखासाठीं दुसऱ्यानें तें भोगलें, त्याला ती तितक्या सहज मागतां यावयाची नाहीं.

एक साधा प्रयोग सांगून हा लेख पुरा करूं. सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन बसावें. एक जाड कागद भिंतीला चिकटवावा. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत कोळशाच्या कांड्या मिळतात त्या आणाव्या, आणि रबर व जुनें फडकें जवळ ठेवावें. मोबाईल फोन स्टुलावर पुस्तकांच्या चळतीला असा टेकवावा कीं तो जागचा हालणार नाहीं. मग घरांतील जुन्या छायाचित्रांतलें असें एक माणूस निवडावें कीं ज्याचें नांव मुलांस ठाऊक नाहीं. तें अंगणांत उभें आहे असें काढावें व छायाचित्र घ्यावें. पाऊल पुसून थोडें पुढें काढावें व पुन्हां छायाचित्र घ्यावें. अशीं साठ-सत्तर झालीं म्हणजे सेकंदाला दहा या वेगानें तीं फोनवरच जोडून पाहतां येतात. सहा-सात सेकंदांत तें माणूस अंगण ओलांडून दाराआड जाईल. चित्रपट पाहून झाला तरी कागद लगेच काढूं नये, भिंतीवर दोन दिवस राहूं द्यावा. त्यावर आतां माणूस नसेल, अंगणभर गेलेली एक करडी वाट तेवढी असेल. येथून कोण गेलें, असें मुलें विचारतीलच. त्या वेळीं उत्तर देतां यावें म्हणून, घरांतील सर्वांत वडील माणसांस तें नांव आधींच विचारून ठेवावें.